मोहीम संपवणं ही दगाबाजी नव्हे

रोलप्लेइंग खेळणाऱ्या मंडळींत एक समज फार घट्ट रुजला आहे. मोहीम जितकी जुनी तितकी ती थोर, आणि ‘आता संपवू या’ असं जो म्हणेल तो खेळाशी आणि सोबत्यांशी बेइमान. आमच्या टेबलावरच्या एका जिवलग मित्राने हे मत अलीकडेच फार तळमळीने मांडलं. त्याचं म्हणणं असं, की पात्र नवं असताना सगळेच हौसेने खेळतात. खरी खोली येते ती वर्षानुवर्षं एकाच पात्रात राहिल्यावर. कॅनडातल्या लंडन शहरात रॉबर्ट वॉर्डहॉ नावाचे इतिहासाचे प्राध्यापक १९८२ पासून एकच खेळ चालवताहेत. त्यांना जमतं तर आपल्याला का जमू नये? कंटाळा आला की उठून जायचं हा आजच्या काळाचा रोग आहे, निदान खेळात तरी तो येऊ देऊ नये.

यातलं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. बाकीचं नाही. या समजापायी चांगली जमलेली टेबलं आतून पोखरली जाताना मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गेम मास्टर, डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये त्याला डीएम म्हणतात. तो जग उभं करतो, प्रसंग सांगतो, शत्रूपासून खानावळीच्या मालकापर्यंत सगळ्यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, ते काय करणार हे सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. कहाणी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला पुढे सरकते. तीच मोहीम. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, त्यामुळे बुद्धिबळात किंवा पत्त्यांत असतो तसा शेवट इथे आपोआप येत नाही. तो माणसांना ठरवावा लागतो, आणि ठरवायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघतात.

आधी वॉर्डहॉंचं उदाहरण घेऊ, कारण हल्ली प्रत्येक वादात तेच पुढे केलं जातं. मला त्या माणसाबद्दल नितांत आदर आहे. घराच्या तळघरात खेळासाठी राखलेली जागा, रंगवलेल्या हजारो मिनिएचर्स आणि चार दशकांची चिकाटी हे सोपं नाही. पण या उदाहरणातून नेमकं सिद्ध काय होतं? एका माणसाने आपलं आयुष्यच या खेळाभोवती रचलं आणि त्याला तशी स्थिर नोकरी, तसं घर आणि तसे सोबती मिळाले, एवढं. शिवाय त्या चाळीस वर्षांत खेळाडू आले आणि गेले, पात्रं मेली, त्यांच्या जागी नवी आली. टिकलं आहे ते वॉर्डहॉंचं जग. त्या जगात कितीतरी कथा संपल्या आहेत, आणि त्या संपू दिल्या म्हणूनच ते टिकलं. माझा मित्र मागतो ते वेगळंच आहे. त्याला हवीत तीच पाच माणसं, तीच पात्रं आणि तीच एक कथा, अखंड.

ही अपेक्षा खेळाच्या मूळ परंपरेतही सापडत नाही. डेव्ह अर्नेसन यांनी मिनेसोटातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात १९७१च्या सुमारास ब्लॅकमूर नावाची मोहीम सुरू केली. पाठोपाठ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हात गॅरी गायगॅक्स यांनी ग्रेहॉक किल्ल्याची मोहीम उभी केली, आणि दोघांच्या कामातून १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स छापून आलं. त्या पहिल्या टेबलांवर आज अमुक आले, उद्या तमुक. किल्ला तोच राहायचा, त्यात उतरणारी माणसं बदलायची. पुढे १९८३ ते १९८६ या काळात हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीने फ्रँक मेंट्झर यांच्याकडून खेळाचे जे पाच खोके करवून घेतले, त्यांची रचना बघा. पहिल्या खोक्यात भुयारं, दुसऱ्यात रानावनातला प्रवास, तिसऱ्यात पात्राने स्वतःची जहागीर सांभाळायची, चौथ्यात छत्तिसाव्या लेव्हलपर्यंत चढायचं आणि पाचव्यात मर्त्य आयुष्य मागे टाकून अमर व्हायचं. पात्राला बालपण आहे, प्रौढपण आहे, निरोप आहे, हे त्या रचनेत गृहीतच होतं. किती जण पाचव्या खोक्यापर्यंत पोचले हा भाग वेगळा.

आता ‘खोली’. मित्राचा हा मुद्दा मी हलका मानत नाही, कारण तो अर्धा खरा आहे. दोन सेशन्समध्ये पात्र मुरत नाही. पण खोली नुसत्या काळाने येत नाही, परत न फिरवता येणाऱ्या निर्णयांनी येते. ग्रेग स्टॅफर्ड यांचा पेंड्रॅगन हा १९८५चा खेळ याचा उत्तम दाखला आहे. त्यात तुम्ही राजा आर्थरच्या काळातले सरदार असता. साधारण एका बैठकीत एक वर्ष सरतं. वर्षाच्या शेवटी हिवाळा येतो, आणि त्या हिवाळ्यात जहागिरीचं उत्पन्न काय झालं, घोडा जगला का, मूल झालं का, ते वाचलं का, हे फाशावर ठरतं. वय वाढलं की अंगातली ताकद उतरू लागते. एक दिवस तुमचा सरदार म्हातारा होतो किंवा मरतो, आणि पुढच्या बैठकीला तुम्ही त्याचा मुलगा खेळता. २००६ साली आलेली या खेळाची महामोहीम इसवी सन ४८५ पासून पुढची ऐंशीएक वर्षं व्यापते, आणि आर्थरचा अंत होणार हे पहिल्या बैठकीपासून टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. एवढी लांब मोहीम, तरी तिच्या प्रत्येक पानावर शेवट आहे. बापाने केलेलं वैर मुलाच्या वाट्याला येतं, ते बाप गेलेला असतो म्हणून. बाप अजून तिथेच बसून तलवार परजत असता, तर मुलाला काही वाट्यालाच आलं नसतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये अशी सोय नाही, म्हणून तिथे लांबण्याची किंमत जास्त. ती नियमांतच दिसते. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पात्र पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत चढतं. पाचव्या लेव्हलला क्लेरिकला, म्हणजे पुरोहित पात्राला, रिव्हिव्हिफाय हा मंत्र मिळतो. ३०० सुवर्णनाण्यांचे हिरे खर्ची घातले की मिनिटभरापूर्वी मेलेला सोबती उठून बसतो. नवव्या लेव्हलला रेझ डेड, म्हणजे दहा दिवसांपूर्वी गेलेलाही परत. तेराव्याला विझर्डच्या, म्हणजे जादूगाराच्या, हाती क्षणात दूर नेणारा टेलिपोर्ट येतो, आणि ज्या जंगलातून वाट काढताना सुरुवातीला तुमच्या कित्येक संध्याकाळी रंगल्या, ते जंगल नुसतं नकाशावर उरतं. सतराव्याला विश, म्हणजे मागाल ते घडवणारा मंत्र. प्रत्येक टप्प्यावर जगातली एकेक भीती कायमची निकामी होत जाते. मग डीएमला आधीपेक्षा मोठा धोका आणावा लागतो. गाव वाचवून झालं, राज्य झालं, खंड झाला, आता सगळी विश्वं. विश्व दुसऱ्यांदा संकटात आलं की टेबलावर कुणाच्या पोटात गोळा येत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार मोहिमा दहा ते पंधरा लेव्हलच्या आत आटोपतात, आणि त्यातली सर्वांत गाजलेल्यांपैकी एक, कर्स ऑफ स्ट्राड, दहाव्यालाच संपते, हा मला योगायोग वाटत नाही.

हे कोरडं वाटत असेल, तर आमच्याच टेबलावरची एक रात्र सांगते. पात्रं पंधराव्या लेव्हलची. मधे कितीतरी शनिवार रद्द झालेले, त्यामुळे मागे काय घडलं ते आठवण्यातच पहिला अर्धा तास गेला. मग लढाई. विझर्ड खेळणाऱ्याची पाळी आली की तो मंत्रांची पानं उलटत बसायचा; चूक त्याची नव्हती, त्या लेव्हलला यादीच तेवढी असते. त्याचं ठरेपर्यंत एकीने मोबाईल काढला. आणखी एकाने अगदी मनापासून विचारलं, “आपण याच्याशी का लढतोय?” कुणालाच धड सांगता येईना. डीएमने वही मागे चाळली आणि म्हणाला, “त्याने तुमच्या राजाला फितवलं होतं ना.” राजाचं नाव काय, यावर त्यालाही पुन्हा वही उघडावी लागली. त्या वहीत बारीक अक्षरात पानंच्या पानं भरलेली होती. ऑफिसातून आल्यावर, मुलीला झोपवल्यावर, रात्री बसून लिहिलेली. माझ्या कॅरेक्टर शीटवरच्या, पात्राचा जीव मोजणाऱ्या हिट पॉइंट्सच्या चौकोनात खोडून खोडून कागद इतका विरला होता की पेन्सिल टेकवली तर फाटेल. त्या कागदावर माझा फार जीव आहे. तरी त्या रात्री मला स्पष्ट कळलं, की आम्ही जे चालवतोय ते आता कुणासाठीच चाललेलं नाही.

‘पण इतकी वर्षं घातली, ती वाया जातील.’ हा युक्तिवाद मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला आहे आणि तो मला सगळ्यांत चुकीचा वाटतो. ती वर्षं कुठे गहाण ठेवलेली नाहीत, की शेवटचा हप्ता भरल्याशिवाय हाती येणार नाहीत. आमच्या पॅलाडिनने, म्हणजे धर्मयोद्ध्याने, हातात सापडलेल्या सेनापतीला मारायचं सोडून माफ केलं आणि सगळं टेबल अवाक झालं, ती संध्याकाळ आम्ही तेव्हाच पुरेपूर जगलो. मोहीम उद्या थांबली तर तिच्यातलं तसूभर कमी होत नाही. ताणत राहिलो तर मात्र होतं. पुढची रटाळ सेशन्स तिच्यावर साचत जातात, आणि काही काळाने मोहिमेचा विषय निघाला की आधी आठवतो तो कंटाळा.

यापेक्षा अवघड प्रश्न मैत्रीचा. मित्राच्या बोलण्यातली खरी कळ तिथेच होती, हे मला समजलं. आमच्यातला एक फ्रँकफर्टला आहे, एकजण बंगळुरूला. पुण्यात उरलेले तिघेही एरवी महिनोन्‌महिने भेटत नाहीत. शनिवारचा कॉल आहे म्हणून एकमेकांची खबरबात कळते. खेळ थांबला तर आम्हीही थांबू, ही त्याची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मोठेपणी माणसांना भेटायला निमित्त लागतं, आणि ‘खरे मित्र तसेही भेटतील’ असं सांगणाऱ्यांनी स्वतःच्या फोनमधले जुने ग्रुप उघडून पाहावेत. पण मग जपायचं आहे ते काय, हे नीट ओळखायला हवं. जपायची आहे शनिवारची वेळ आणि ही पाच माणसं. ती टिकवायला हीच मोहीम कशाला हवी? दमलेली मोहीम तर माणसं गमावण्याची सर्वांत खात्रीची वाट आहे. आधी एकजण उशिरा येऊ लागतो, मग कॅमेरा बंद ठेवून बसतो, मग त्याला दर शनिवारी काहीतरी काम निघतं. तो मैत्रीला कंटाळलेला नसतो. पण खेळाला कंटाळलो हे बोलायची सोय नसल्यामुळे तो दोन्हींपासून दूर जातो.

क्रिटिकल रोल या इंटरनेटवरच्या कार्यक्रमाच्या मंडळींनी याचं उत्तर सगळ्या जगासमोर दिलं आहे. हे मुळात घरगुती टेबल, कार्टून आणि व्हिडिओ गेमसाठी आवाज देणाऱ्या मित्रांचं. मॅथ्यू मर्सर डीएम. मार्च २०१५ पासून ते आपला खेळ थेट दाखवू लागले, ११५ भाग झाले, लोक वेडे झाले होते, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी ती मोहीम संपवली. जानेवारी २०१८ मध्ये जवळपास तीच माणसं त्याच टेबलाभोवती नवी पात्रं घेऊन बसली. ती मोहीम १४१ भागांनंतर २०२१ मध्ये संपवली, तिसरी २०२५च्या फेब्रुवारीत. आणि त्याच वर्षी चौथी सुरू झाली तेव्हा डीएमच्या खुर्चीत ब्रेनन ली मलिगन आले आणि मर्सर स्वतः एक पात्र घेऊन खेळाडूंत बसले. कुणी म्हणेल, त्यांचा तो धंदा आहे. आहेच. धंदा करणाऱ्याला तर चालती गाडी न थांबवण्याचं आपल्यापेक्षा शंभरपट जास्त कारण असतं. तरी त्यांनी थांबवली, आणि मैत्री शाबूत आहे.

मर्सर यांनी खुर्ची बदलली, ही मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते, कारण ‘संपवू नका’ म्हणणारे एका माणसाचा विचारच करत नाहीत. खेळाडूला कंटाळा आला तर तो एखादा शनिवार चुकवू शकतो. डीएम चुकवू शकत नाही. तो आला नाही तर खेळच नाही. इतरांनी चार तास द्यायचे, त्याने चार तास आणि वर आठवडाभरातल्या रात्री. ‘थकलो’ म्हणायला त्याची जीभ रेटत नाही, कारण आपल्या एका शब्दाने बाकी सगळ्यांचा आनंद जाईल असं त्याला वाटत राहतं. अशा माणसाला निष्ठेच्या गोष्टी सांगून बांधून ठेवणं हा अन्याय आहे. मित्रांनी केला तरी अन्यायच.

‘कथा अर्धी राहील’ या आक्षेपाला मी फार वेळ देणार नाही. शेवट म्हणजे शेवटचा राक्षस मारणं, ही समजूत सोडली की प्रश्न सुटतो. जॉन हार्पर यांच्या ब्लेड्स इन द डार्कमध्ये पात्राच्या मनावर चौथा घाव बसला की त्याला चोरी-लुटीचा धंदा सोडावा लागतो, आणि त्याने गाठीला किती बांधलं यावर त्याचं पुढचं आयुष्य कसं जाईल ते ठरतं. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये पात्राला सुखरूप निवृत्त करणं ही खेळाडूने कमावलेली प्रगती मानली आहे. तुमच्या खेळात असा नियम नसेल तर उसना घ्या. दहा वर्षं पुढे उडी मारा, प्रत्येकाने आपलं पात्र आता कुठे आहे ते सांगा, जे धागे उरले त्यांची उत्तरं डीएमने वही उघडून देऊन टाकावीत. ज्या गुपितासाठी त्याने तीन वर्षं दम धरला, ते ऐकायला मिळणं हीसुद्धा मेजवानीच असते.

याचा अर्थ पहिल्या जांभईला गाशा गुंडाळावा असा कुणी काढू नये. घरात बाळ आलं, परीक्षा आल्या, कुणाची आई आजारी पडली, तर मोहीम थांबवून ठेवायची, संपवायची नाही. एखादा कथाभाग फसला तर तो तोडून पुढे जायचं. दोन खेळाडूंचं फाटलं असेल तर ते बोलून मिटवायचं. तो मोहिमेचा दोष नाही, आणि नव्या मोहिमेतही ते भांडण सोबत येईल. आणि एकट्यालाच निघावंसं वाटत असेल तर त्याने एकट्याने, सांगून, आपल्या पात्राला नीट निरोप देऊन निघावं. सगळ्यांना मोडायला लावू नये. मी बोलते आहे त्या अवस्थेची खूण वेगळी आहे. सेशन रद्द झाल्याचा मेसेज येतो आणि प्रत्येकाला मनातून बरं वाटतं. आधी आठवडाभर ग्रुपवर ‘त्या म्हातारीने खोटं सांगितलं असेल का’ यावर वाद झडायचे. आता फक्त ‘या शनिवारी कोण कोण?’ एवढंच येतं. डीएम कठीण निवड समोर ठेवतो आणि खेळाडू ‘तू म्हणशील ते’ म्हणतात. एखादा महिना असं झालं तर थकवा समजावा. विश्रांती घेऊन परतल्यावरही तसंच राहिलं, तर मोहीम संपली आहे, आपण फक्त ते बोललेलो नाही.

आणि माझ्या मित्राच्या भूमिकेतली खरी गफलत इथे आहे. त्याला वाटतं, एका बाजूला संपवणं आहे आणि दुसऱ्या बाजूला वॉर्डहॉंसारखी चाळीस वर्षं. प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षं नसतातच. तिथे असतो ‘पुढच्या शनिवारी बघू’ हा मेसेज, त्याखाली एक अंगठा, मग महिनाभर शांतता, मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. न संपवलेल्या मोहिमा अशा संपतात. कुणी निरोप घेत नाही, पात्रं कुठल्याशा गुहेच्या तोंडाशी उभी राहतात आणि प्रत्येकाच्या मनात ‘माझ्यामुळे तर नाही ना’ असा सल राहतो. संपवायला नकार देणारा खेळ वाचवत नाही. तो शेवट कसा व्हावा हे ठरवण्याचा आपला हक्क तेवढा सोडून देतो.

तेव्हा माझा प्रस्ताव सरळ आहे, आणि तो मी आमच्या टेबलावरही ठेवला आहे. दिवाळीच्या आतली एक तारीख ठरवायची. तोवर मिळतील तेवढी तीन-चार सेशन्स फक्त उरलेल्या कामांना द्यायची: पॅलाडिनने सोडून दिलेला तो सेनापती, राजाची फितुरी, माझ्या पात्राची हरवलेली बहीण. शेवटच्या सेशनला फ्रँकफर्टवाला सुट्टीला येणार आहे, म्हणजे पाचही जण एका टेबलाशी बसू. त्यानंतर एक शनिवार नुसता जेवायला भेटायचं. आणि त्याच्या पुढच्या शनिवारपासून डीएमने खेळाडू व्हायचं, वही दुसऱ्या कुणीतरी घ्यायची, आणि नवा खेळ सहा बैठकांत संपेल असा पहिल्याच दिवशी ठरवून घ्यायचा. वही मी घ्यायला तयार आहे.